दगडावरचे बाप

दाराला टपालासाठी ठेवलेल्या फटीची पितळी झडप खट्ट वाजली आणि सुलक्षणानं चमकून बाळाकडे पाहिलं. पाऊण तास थोपटल्यावर यशोधनचा आत्ता कुठे डोळा लागला होता. तो हलला, ओठ चोखले आणि देवाच्या कृपेनं पुन्हा झोपला. तिनं पायपुसण्यावरचं पाकीट उचललं.

आत पाथरवटानं पाठवलेला फोटो होता. काळीभोर शिळा आणि तिच्यावर नऊ नावं. एकशे दहा वर्षांपूर्वी जमीनदारानं कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा उत्तर आयर्लंडमधल्या याच गावच्या नऊ पोरींनी त्यांच्यासाठी लाकडी खोपटी उभारली होती आणि त्यापायी तुरुंगही भोगला होता. पुढारी पुरुषांचे पुतळे झाले. या पोरींची नावं पोलिसांच्या एका जुन्या वहीत पडून होती. ती शोधून टाइप करून दिली सुलक्षणानं, कारण स्मारक समितीत टायपिंग येणारी आणि ‘नाही’ म्हणता न येणारी ती एकटीच होती.

फोटो वाचून तिनं कपाळावर हात मारला.

केट मायकल डॉनली. ब्रिजिट जेम्स क्विन. रोझ पॅट्रिक मॅगी.

वहीत मुलीचं नाव एका रकान्यात होतं आणि बापाचं दुसऱ्या. तिच्या पुण्यातल्या बोटांनी शाळेपासूनच्या सवयीनं बापाला उचलून मधोमध बसवलं होतं. एकदा नव्हे, नऊ वेळा! बरं, ती चुकली ते चुकली. कागद पाथरवटाकडे जाण्याआधी सात जणांच्या हातातून फिरला होता. वाचायची तसदी कुणी घेतली होती?

तेवढ्यात फोन वाजला. यशोधन टाहो फोडून उठला. पलीकडून अध्यक्ष हॅन्लन बोलत होते.

“मिसेस परचुरे, ब्रिजिटला जेम्स कधीपासून म्हणायला लागले?”

“चूक माझीच आहे. मी पाथरवटाशी बोलते.”

“आता नवी शिळा कोरायला वेळ कुठाय? रविवारी उद्घाटन आहे. शिळा उलटी करू आणि मागे कोरू, ‘गावच्या स्त्रियांच्या स्मरणार्थ’. सुटसुटीत.”

“आणि नावं?”

“भिंतीकडे तोंड करून राहतील. कुणाला कळणारही नाही.”

कुणाला कळणार नाही! सहा महिने बाळ मांडीवर घेऊन धुळकट वह्या चाळल्या त्या कशासाठी? तिनं बाबागाडी काढली, थोरल्या शिल्पाला शाळेतून घेतलं आणि तिला ओढतच चर्चचा पॅरिश हॉल गाठला. कोपऱ्यावरच्या तपासणी नाक्यावर ब्रिटिश सैनिकांनी बाबागाडीतले लंगोटसुद्धा उचकून पाहिले, तेव्हा तर तिचं डोकंच फिरलं.

“चूक चारचौघांत माझ्या नावावर सांगा,” हॉलमध्ये शिरता शिरताच ती म्हणाली, “पण नावं झाकायची नाहीत. इतकी वर्षं झाकलीच होती ना!”

“लोक हसतील हो,” हॅन्लन वैतागले. “पोरींच्या मधोमध बापे?”

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या मिस डॉनली खुदकन हसल्या. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि शिळेवरची केट म्हणजे त्यांची सख्खी आत्या.

“मायकल डॉनली, म्हणजे माझे आजोबा! पोरगी मोर्चाला जाऊ नये म्हणून त्यांनी तिला बटाट्यांच्या खोलीत कोंडलं होतं. ती खिडकीतून पळाली. आता राहू देत त्यांना तिच्या शेजारी, उघड्यावर, पावसात. जन्मभर तिच्याशी बोलले नाहीत.” मग त्या हॅन्लनकडे वळल्या. “शिळा उलटवलीस जेरी, तर रविवारी मी तिच्यापुढे खुर्ची टाकून बसेन. उचलायला सैनिक बोलाव.”

जेरी हॅन्लननी सुस्कारा सोडला. “राहू दे तशीच.”

सुलक्षणा मटकन बाकावर बसली. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिचे नुसते पाय दुखत होते. मिस डॉनलींनी तिच्यापुढे चहा सरकवला. “पी, पोरी.” यशोधन त्यांच्या चष्म्याची दोरी ओढत होता.

शिल्पा टेबलावरच्या फोटोवर ओणवी झाली होती. बोट ठेवून एकेक अक्षर लावत ती शेवटच्या नावापर्यंत पोचली, मग पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

“आई, ह्या सगळ्या गर्ल्सला डॅडी आहे,” ती म्हणाली. “मग त्यांचा मम्मी कोण होता?”