सरूबाई पिशोरला जाऊन आली

नवरा गेला तेव्हा सरूबाईचं घरही गेलं. बन्सी संभाजीनगरात एका बांधकामावर राखणदार होता, आणि राखणदाराची पत्र्याची खोली हेच त्या दोघांचं घर. बन्सी तापानं गेला, इमारत पुरी झाली, खोली पाडली. मूलबाळ नव्हतं. सरूबाई बोचकं उचलून रेल्वे स्टेशनबाहेरच्या शेडखाली आली आणि तिथंच राहिली.

तिथून तिला कालिंदीताईंनी आणलं. कालिंदीताई पुंडलिकनगरच्या, निवृत्त शिक्षिका. मैत्रिणींना घेऊन त्या बेघर बायांसाठी निवारा चालवत. सरूबाईला लोखंडी खाट मिळाली, दोन वेळचं जेवण, धडकं लुगडं. आजारी पडली तर दवाखान्यात न्यायला माणूस मिळालं. पण ती बोलायची नाही. बाकीच्या बाया अंगणात बसत, ही खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली असे. कुणी माणसं आहेत का विचारलं, तर नुसती मान हलवी.

एकदा भाकरी थापता थापता तिच्या तोंडून माहेरच्या गावाचं, पिशोरचं, नाव निघालं. कालिंदीताईंनी चार ठिकाणी फोन लावून तिचा धाकटा भाऊ सांडू शोधून काढला. दुसऱ्याच दिवशी तो आला, आणि बहिणीला बघून दारातच खाली बसला.

"अक्का, तू गेली असंच धरून चाललो व्हतो. खोलीवर आलो तर तिथं कायबी नव्हतं. दर पितरपाटाला तुझ्या नावानं घास टाकला मी."

"मला नाय पोचला," सरूबाई म्हणाली, आणि निवाऱ्यात पहिल्यांदाच हसली.

"पण तू घरी का नाय आली?"

सरूबाई आत जाऊन बोचकं बांधू लागली. निघताना कालिंदीताईंनी दोघांचा फोटो काढला.

पिशोरला पहिले काही दिवस गाव लोटलं. मेलेली बाई परत आली म्हणून लोक बघायला येत, चहा पिऊन जात. मग कापूस वेचणीला आला आणि येणं थांबलं. सकाळी घर रिकामं होई. सरूबाई ओट्यावर एकटी बसून राही. लहानपणच्या मैत्रिणी कुणी सासरी, कुणी वर गेलेल्या. तिनं झाडू उचलला की भावजय वच्छला तो हातातून काढून घेई.

"बसा वन्सं, तुमी कशाला?"

वच्छला वाईट नव्हती. ताटात पहिली भाकर ती सरूबाईलाच वाढायची.

भाच्याचं लग्न ठरलं. आतल्या खोलीला रंग दिला, तेव्हा सरूबाईचं अंथरूण ओसरीवर आलं, आणि ओसरीवर पाहुणे उतरायचे म्हणून धान्याच्या पोत्यांशेजारी. कुणी काही बोललं नाही. तीच एका सकाळी भावाला म्हणाली, "सांडू, मी परत जाते."

सांडू बराच वेळ बैलाची पाठ चोळत राहिला. मग म्हणाला, "साडेनवाची बस हाय."

स्टँडवर त्यानं तिला खिडकीजवळ बसवलं, शेंगदाण्याची पिशवी मांडीवर ठेवली. "लग्नाला न्यायला येतो," म्हणाला. बस सुटली तेव्हा तो दुसरीकडं बघत होता.

निवाऱ्यात तिच्या खाटेवर आवडाबाई नावाची नवीन बाई होती. ऑफिसात भिंतीवर भावाबहिणीचा तो फोटो चिकटवला होता. तिला दारात बघून कालिंदीताई उठून उभ्या राहिल्या.

"सरूबाई, माझंच चुकलं का?"

"नाय, ताई. तिथं गेले नसते तर जल्मभर तिकडंच बघत बसले असते."

कालिंदीताईंनी कपाटातून गादी काढली. आवडाबाई खाट सोडायला उठली, पण सरूबाईनं तिला हातानंच बसवलं आणि गादी खाली टाकली.

लग्नाला सांडू खरंच न्यायला आला. ती गेली, अक्षता टाकल्या, संध्याकाळच्या बसनं परतली. पुढं त्याचा फोन रविवारी येऊ लागला, मग फक्त सणासुदीला. फोन झाला की ती फोन हातात धरून थोडा वेळ तशीच बसे. एक दिवस आवडाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "सरूबाई, पीठ मळलंय. तव्यावर तुमी बसता का मी?"

"मी बसते," सरूबाई म्हणाली, आणि उठली.