चारातले का सहातले

दाक्षायणीने तक्ता भिंतीला टेकवला आणि स्केचपेनचं टोपण दातांत धरूनच विचारलं, "अव्वा, कसा झालाय?"

चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेली तिची आई, चन्नम्मा, थांबली. पिठाचे हात मांडीवर उपडे ठेवून तिने ओठ हलवत एकेक ओळ वाचली, पार खालपर्यंत. शाळेत उद्या विज्ञान प्रदर्शन होतं. वर ठसठशीत मथळा होता, 'खराब हवेने झालेले जादा मृत्यू कसे काढतात?'

"जादा म्हंजे गं?"

टोपण गळून पडलं. अख्ख्या वर्गात हे नीट समजलेली दाक्षायणी एकटीच, आणि ते सांगायला तिला कुणीतरी हवंच होतं.

"हे बघ. जाळ बेतानं असला, तर तुझ्या शंभर भाकऱ्यांतल्या किती करपतात?"

"चार धर."

"आणि भडकला तर?"

"धा बी जातील."

"म्हणजे जाळामुळं जादा सहा! झालं की. स्वच्छ हवेच्या गावात हार्टनं किती माणसं जातात, धुळीच्या गावात किती, हे लई वर्षं बघतात. मग आपल्या सोलापूरची धूळ मोजायची आणि हिशेब मांडायचा."

"आन् त्या धातल्या सहा कुटल्या, ते?"

"ते नाही कळत. तू तरी सांगशील?"

"न्हाय." चन्नम्माने तव्यावरची भाकरी उलटली. "करपल्याली करपल्यालीच."

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात दाक्षायणीने एक चौकोन आखून ठेवला होता, पप्पांच्या फोटोसाठी. पप्पांचं, म्हणजे गुरुशांतचं, पंक्चरचं दुकान नाक्यावर होतं. दिवसभर ट्रकांची धूळ अंगावर. विडी नाही, तंबाखू नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात दुकानातच छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

"मंग तुजे पप्पा?" चन्नम्मा तव्याकडे बघत म्हणाली. "चारातले का सहातले?"

दाक्षायणीकडे उत्तर होतं. तक्त्याच्या तळाशी तिनेच लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हा हिशेब शहराचा आहे. कोण्या एका माणसाबद्दल सांगता येत नाही.'

"सकाळी म्हनले, छातीत जळजळतंय. म्या लिंबूपान्यात सोडा घालून दिला. म्हनलं, जावा आता, गिऱ्हाईक थांबलं आसंल." भाकरीची कड काळी पडत चालली होती. चन्नम्माने ती काढली नाही. "चारातले आसले, तर मंग मीच की गं."

"सहातलेच की, अव्वा."

चन्नम्माने मान वर केली. आधी लेकीकडे बघितलं, मग तक्त्याकडे, अगदी तळाशी.

दाक्षायणीने फोटोच्या पाठीला गोंद लावला. वरचा चौकोन तसाच सोडून तिने फोटो खाली आणला आणि लाल ओळीवर ठेवला.

"दाबून बसव," चन्नम्मा म्हणाली. "सुटायला नगं."