आभारप्रदर्शन

"आई, आत्ता तुला किती बरं वाटतंय? दहापैकी मार्क दे."

हौसाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि लेकीकडे संशयाने पाहिलं. "गुडघ्याचं इचारतीस का?"

"गुडघ्याचं नाही गं. एकंदर."

"एकंदर म्हंजी गुडघा धरूनच की. लिही पाच. न्हायतर सहा लिही, तुझी म्याडम रागवंल."

नीलाने वहीत सहा लिहिले. स्वतःच्या नावापुढे काय लिहावं, ते मात्र तिला ठरवता येईना. कल्याणच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं मुलांना दाखले टाइप करून देणारी ही सत्तेचाळीस वर्षांची बाई. तिला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, गेल्या वर्षापासून दर रविवारी ठाण्याला जाऊन ती मानसशास्त्राचं एम.ए. करत होती. यंदा पेपर होता सकारात्मक मानसशास्त्र. माणूस कशाने खचतो हे सगळेच शिकवतात, कशाने सुखी होतो हेही शिकायला हवं, असं रसिका मॅडम म्हणायच्या. मॅडम नीलापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी गृहपाठ दिला होता: ज्या माणसाचे आभार मानायचे राहून गेलेत त्याला पत्र लिहा, समोर बसून मोठ्याने वाचा, आणि वाचण्याआधी नि नंतर दोघांना किती बरं वाटलं ते नोंदवा.

पत्र पंधरा दिवसांपूर्वीच लिहून झालं होतं. तेव्हा गाठ नव्हती. म्हणजे असेलही, पण नीलाला ठाऊक नव्हती. मागच्या आठवड्यात अंघोळ करताना ती छातीत हाताला लागली. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आज शनिवारी पाच वाजता रिपोर्ट मिळणार होता. आईला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

नीला घाबरली होती. घरात दोघीच. वडील, देवराम, ती सहावीत असताना गेले. लग्न तिने केलं नाही. आपलं काही बरंवाईट झालं तर कोपर स्टेशनजवळच्या या दोन खोल्यांत आईला वेळेवर गोळ्या कोण देणार, इथपर्यंत विचार यायचा आणि तिथेच अडकून बसायचा. पत्र पाचच्या आत वाचायला हवं होतं. पाचनंतर ते नुसता गृहपाठ राहिलं नसतं.

तिने कागद उलगडला.

"प्रिय आई, माझ्याच शाळेत तू झाडू मारायचीस. पहिल्या दिवशी मी मैत्रिणींबरोबर येत होते, तू समोर आलीस आणि मी मान फिरवली. त्या दिवसापासून तू शाळेत मला एकदाही नावाने हाक मारली नाहीस. पाच वर्षं. एकदा मी मैदानात पडले, तेव्हा धावत येऊन तू सगळ्यांदेखत विचारलंस, 'कुनाची गं पोर तू?' आणि मला उचललंस. त्याबद्दल मी तुझे मनापासून आभार..."

"थांब." हौसाबाईंनी कागदावर हातच ठेवला. हाताला माती होती. "काय निगालं माझ्या रगतात?"

"कुठल्या रक्तात?"

"परवा त्यो मानूस सुई टोचून घिऊन गेला त्यात. खरं सांग. किती दिस हायेत माझे?"

"अगं आई, शुगरची टेस्ट होती ती! तू ठणठणीत आहेस. हा माझा अभ्यास आहे, आभार मानायचा."

"आपल्या मानसाचं आभार कोन मानतं?" हौसाबाईंचा आवाज चढला. "तीस वर्सं शाळंत काढली मी. ग्यादरिंग असू दे, चौदा एप्रिल असू दे, आभार सुरू झालं की मी झाडू हातात घ्यायची. आभार म्हंजी संपलं सगळं. मानसं उठत्यात, खुर्च्या उचलत्यात. मला सगळं ठावं हाय."

नीलाला हसू यायला हवं होतं. वर्गात हे सांगितलं असतं तर मॅडमसुद्धा खळखळून हसल्या असत्या. पण डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते थांबेना.

हौसाबाईंनी मेथी निवडायचं सूप बाजूला सारलं आणि हळू आवाजात विचारलं, "माझं न्हाय म्हन्तीस. मग कुनाचं संपलंय?"

"गाठ आहे, आई. पाच वाजता कळणार आहे. मी तुला सांगणार होते, पण..."

नीलाला वाटलं, आता ही छाती बडवून घेईल. हौसाबाईंनी तिच्या हातातून पत्र काढून घेतलं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने ते नीट चार घड्या करून कमरेच्या बटव्यात खोचलं.

"अर्धंच राहू दे. बाकीचं मी सांगंन तवा वाच."

"मला उद्या द्यायचंय ते."

"म्याडमला सांग, आईनं पुरं करू दिलं न्हाय." त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "चपला कुठायत माझ्या?"

रिक्षात आईने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नीलाला हात सोडवून पैसेही नीट देता आले नाहीत.

लॅबमध्ये पंधरा-वीस माणसं बसलेली. पाच वाजून दहा मिनिटांनी खिडकीतल्या मुलीने पाकीट उचललं आणि वाचलं, "नीला देवराम भालेराव."

नीलाने ऐकलं. पण ती जागची उठली नाही. नाव आपलं नाहीच असं समजून बसून राहिलं तर, एवढंच तिच्या मनात आलं.

"नीला भालेराव कोण आहे? आहेत का इथे?"

कुणीच उठलं नाही. माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"हाय!" हौसाबाई उभ्या राहिल्या. शाळेच्या व्हरांड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल असा तो आवाज नीलाने तिथे कधी ऐकला नव्हता. "हाय, हाय. माझी लेक हाय ती!"

गुडघा ओढत त्या खिडकीपाशी गेल्या आणि मागे वळल्या.

"नीला! ये हिकडं."

सगळी लॅब बघत होती.

"आले, आई," नीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि उठली.