रिकाम्या फिल्मवरचा गोल

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, फिल्मवर चालणारा, आणि मला स्वस्थ म्हणून बसवत नाही. कारखान्यात तपासणीवरच्या बाईंनी माझं बटण सलग दोनशे वेळा दाबलं होतं. तेव्हापासून हे असं. कुणी नुसतं हातात घेतलं तरी आत सगळं सळसळायला लागतं.

पुढे दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात मी फ्राने काकांच्या गळ्यात पडलो. काका खेळांचे फोटो काढायचे. आमच्याकडे खेळ म्हणजे वॉटरपोलो. बंदराच्या पाण्यात दोन जाळी बांधायची, पोहत पोहत चेंडू मारायचा आणि काठावरच्यांनी घसा फोडायचा. बटण दाबलं की माझ्या आतला आरसा वर उडतो आणि फोटो काढणाऱ्याला क्षणभर काहीच दिसत नाही. म्हणून काका म्हणायचे, “गोल डोळ्यांनी दिसला, म्हणजे हुकला. चेंडू सोड, खांदा बघ. खांदा मागे गेला की दाब.”

काकांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या पुतणीकडे, टोंकाकडे आलो. ती सतरा वर्षांची, माझ्याइतकीच चुळबुळी. आमचं छान जमलं.

दर ऑगस्टमध्ये समोरच्या बेटाशी सामना असतो. जिंकणाऱ्या गावाच्या न्हाव्याच्या खिडकीत विजयी गोलाचा फोटो वर्षभर लागतो. आमच्या खिडकीत नऊ वर्षं नुसते कंगवे होते.

“या वर्षी फोटो हुकला तर कॅमेरा माझ्या कपाटात परत,” काका म्हणाले.

“आणि जमला तर?”

“तर तुझा. आता बडबड कमी कर.”

सात-सात अशी बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. आणि फिल्म संपली! टोंकाने ओल्या बोटांनी नवी भरली, झाकण लावलं आणि पाण्याकडे वळली. इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. फिल्मचं टोक आतल्या रिळाच्या खाचेत अडकलंच नव्हतं. फिल्म पुढे सरकली की माझ्या डोक्यावरची डावीकडची चकती फिरते. काका दर वेळी ती बघायचे. टोंकाने बघितली नाही. मी आतून तडफडत होतो, पण मला खटक् एवढंच बोलता येतं.

आमच्या रोकोचा खांदा मागे गेला. टोंकाने अगदी नेमकं दाबलं. आरसा उडाला आणि मी सगळं पाहिलं: रोकोच्या बोटांवरून उडालेलं पाणी, त्यांच्या गोलकीपरचं, बार्टुलचं, उघडं तोंड, जाळीत शिरणारा चेंडू. पाहिलं, पण ठेवणार कशावर?

गाव नाचत होतं. टोंका फोटो काढत राहिली. माझ्यावरचा फोटो मोजणारा आकडा छत्तीसवर गेला, सदतीसवर गेला, एकोणचाळीसवर गेला. छत्तीस फोटोंची फिल्म. तिचा हात थांबला.

“काका, गोल नाही आला.”

“नाही आला म्हणजे कुठे गेला?”

“फिल्म अडकलीच नव्हती.”

काकांनी माझी डावीकडची चकती बोटाने फिरवून पाहिली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“एवढंच ना?” रोको पाण्यातूनच म्हणाला. “परत मारतो.”

“म्हणजे मी मुद्दाम गोल सोडू?” बार्टुल म्हणाला. “आईला काय सांगू?”

“सांग, फोटो छान आला.”

सगळे हसले. बार्टुल कुरकुरत जाळ्यासमोर गेला. टोंकाने फिल्म नीट भरली. चकती फिरली, तिने ती दोनदा बघितली. रोकोचा खांदा मागे गेला. खटक्! आणि बार्टुलला काही राहवलं नाही. तो कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळला आणि त्याने चेंडू पंज्यावर अडवला.

संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात सगळे त्या ओल्या फोटोवर वाकले.

“नऊ वर्षांनी जिंकलो,” न्हावी म्हणाला, “आणि खिडकीत त्यांचा गोलकीपर लावू? अगं, परत बोलव त्याला. हात खाली ठेव म्हणावं.”

टोंकाचे कान लाल झाले होते. “बोलवेन. तो ठेवेलही. पण ते नाटक होईल. तुमचा गोल मी घालवला, ही माझी चूक. हा फोटो मात्र खरा आहे. कॅमेरा हवा तर काढून घ्या.”

तिने माझा पट्टा गळ्यातून काढला. काकांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग लंगडत जाऊन तो स्वतः खिडकीत लावला आणि पट्टा पुन्हा तिच्या गळ्यात घातला.

“गुडघे पण घेतेस का बघ,” ते म्हणाले.

बार्टुल ते वर्षभर दर शनिवारी होडी वल्हवत आमच्या गावात दाढी करायला यायचा. खिडकीजवळच्याच खुर्चीत बसायचा.

आता टोंकाकडे नवं यंत्र आहे आणि मी मऊ कापडात गुंडाळलेला आहे. असं गुंडाळून ठेवलं की वस्तू जपली, असं मोठ्यांना वाटतं. माझा मात्र इथे जीव घुसमटतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा आणि कामाला लावा. एखादा गोल चुकला तर चुकू दे.