आखूड गवत

"पाशे, तुझा भोपळा आजही अर्धाच?"

सेयानने हे अगदी सहज विचारलं, आणि सहज विचारलं म्हणूनच नेम्बुरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेयानचा स्वतःचा भोपळा तोंडापर्यंत भरलेला होता. वर दुधाचा फेस. तो पुसायची तसदीसुद्धा बाईने घेतली नव्हती. कशाला पुसेल? सवतीला दिसावा म्हणूनच तर ठेवला होता!

"अर्धा म्हणजे काय, मी वासरांसाठी राखून काढते," नेम्बुरिस म्हणाली. "तुझ्यासारखी कासेला गोचिडासारखी चिकटत नाही मी."

"बरं करतेस, पाशे. वासरं तुझी, कास तुझी," असं म्हणून सेयान हसली आणि भोपळा कमरेवर घेऊन आपल्या घरात वाकून शिरली.

पाशे! या शब्दाचाच नेम्बुरिसला वीट आला होता. नवी सवत घरात आली की थोरलीने तिला एक कालवड द्यायची, आणि मग दोघींनी एकमेकींना जन्मभर पाशे म्हणायचं, म्हणजे कालवडवाली. रीतच आहे, मोडता येत नाही. सेयान नवरी होऊन आली तेव्हा नेम्बुरिसने आपल्या गायींमधून सगळ्यात मरतुकडी, मागच्या पायाने लंगडणारी कालवड शोधून काढली होती आणि चार बायांसमोर मोठ्या प्रेमाने तिचा दोर नवरीच्या हातात दिला होता. पहिल्याच थंडीत मरेल, असा तिचा हिशेब. पण ती लंगडी मेली तर नाहीच, उलट दर वर्षी व्याली, आणि प्रत्येक वेळी कालवडच! आता सेयानच्या निम्म्या गायी त्या लंगडीच्या पोटच्या होत्या. त्यांच्या धारेचा आवाज संध्याकाळी नेम्बुरिसच्या दारापर्यंत यायचा.

तशी त्या दिवसांत सगळ्या सिमान्जिरो भागात कुणाच्याच घरी दुधाची चंगळ नव्हती. नू आले होते. घोड्यासारखं तोंड, बैलासारखी शिंगं आणि बोकडासारखी दाढी असलेली ही रानजनावरं दर वर्षी पावसाच्या सुमाराला खालच्या मैदानात यायची, ती फक्त विण्यासाठी. मैदानातलं गवत आखूड, लुसलुशीत, चवीला गोड. त्या गवतावर गाय दोन दिवस चरली तर तिसऱ्या दिवशी भोपळा पुरत नाही, असं म्हातारे सांगायचे. आणि त्याच दमात हेही सांगायचे, की नूची मादी तिथे वार टाकते, तिच्या पिल्लाचं जावळ त्या गवतावर गळतं, आणि तिथे तोंड घातलेली गाय वाचत नाही. तिचे डोळे जातात, मग ती जाते. आरुशा शहरातून येणारा गुरांचा डॉक्टरही वेगळं काही सांगत नव्हता. या रोगावर सुई नाही, लांब राहणं हीच सुई, एवढं बोलून तो चहा पिऊन निघून जायचा.

म्हणून नू आले की माणसांनी हटायचं. परमुआत, दोघींचा नवरा, मोठा कळप घेऊन वर डोंगरात गेला होता. घरांभोवतीच्या कुंपणात, वाडग्यात, राहिल्या होत्या त्या फक्त दुभत्या गायी. त्या ज्या त्या बाईने जवळपासच्या उंच, राठ गवतावर चारायच्या. ते गवत म्हणजे झाडूच्या काड्या. गायी चघळायच्या आणि धन्याकडे अशा बघायच्या की माणसाला लाज वाटावी.

मग सेयानचा भोपळा भरतोच कसा?

नेम्बुरिसला हा प्रश्न जेवू देईना. तिच्या वाट्याच्या सगळ्याच गायी त्या वर्षी दुभत्या होत्या, डोंगरावरच्या कळपात तिचे फक्त गोऱ्हे होते. आणि पाऊस संपला की याच गायींमधल्या चांगल्या चांगल्या निवडून देज म्हणून सादेराच्या होणाऱ्या सासऱ्याकडे न्यायच्या होत्या. सादेरा तिचा एकुलता एक. आरुशाला एका बंगल्यावर राखणदार होता, त्याला पोरगी बघून ठेवली होती. पोरीचा बाप येऊन एकदा गायी बघून जाणार होता. त्याने सेयानची तकतकीत गुरं आधी बघितली आणि मग हिची हाडं मोजली तर?

एका पहाटे ती शेण गोळा करायला लवकर उठली आणि तिला दिसलं. सेयान आपल्या गायी हाकत परत येत होती. मैदानाच्या बाजूने! गायींची पोटं टम्म, चाल जड, लंगडी सगळ्यांत पुढे.

"कुठे गेली होतीस गं इतक्या पहाटे?"

सेयान दचकली. "इथेच. पाय मोकळे करायला."

"तुझे की गायींचे?"

"दोघींचे," ती म्हणाली आणि नजर चुकवून पुढे गेली.

अस्सं! म्हणजे सगळ्यांना रीत, आणि हिला आखूड गवत! म्हाताऱ्यांचं सांगणं आम्ही भोळ्यांनी पाळायचं आणि हिने मात्र चोरून मैदान चारायचं. आणि बघा ना, हिच्या गायींना झालं काय? काही नाही. नेम्बुरिस शेणाची पाटी तशीच हातात घेऊन उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण जन्मभर मूर्खच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सेयान धाकट्या पोराला घेऊन माहेरी आईला बघायला गेली. नेम्बुरिसने आपल्या गायी सोडल्या आणि त्यांना सरळ मैदानात नेलं. नू लांब होते, पिल्लं आयांच्या पायांत अडखळत होती. गायींनी माना खाली घातल्या त्या दुपारपर्यंत वर केल्या नाहीत. गवत तुटल्याचा कुरकुर आवाज ऐकत ती बसली होती, आणि खरं सांगायचं तर इतकं सुख तिला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. अधूनमधून ती लांबच्या नूंकडे बघायची. मग ती स्वतःलाच म्हणायची, "तिच्या जगतात, माझ्या का नाही?" तिसऱ्या दिवशीही नेलं, चौथ्या दिवशीही.

भोपळा भरला. नेम्बुरिसने फेस पुसला नाही.

"अगं बाई, पाशे!" माहेरून आलेली सेयान म्हणाली. "काय चारलंस गं?"

"माया," नेम्बुरिस म्हणाली.

महिना उलटला. नूची पिल्लं मोठी झाली, मैदान पिवळं पडायला लागलं. एका सकाळी नेम्बुरिसची तांबडी गाय वाडग्याच्या दारातून बाहेर पडताना खांबाला धडकली. नाकातून घट्ट शेंबूड, अंग चुलीसारखं तापलेलं. नेम्बुरिसने तिचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं. दुधावर साय धरावी तशी दोन्ही डोळ्यांवर पांढरट साय धरली होती.

हे काय आहे, ते तिला कुणी सांगायला नको होतं. मैदानाच्या कडेला वाढलेल्या पोरालाही ते डोळे ओळखता येतात. पण तिच्या मनात जे पहिलं आलं ते रडू नव्हतं. पहिलं आलं ते असं, की सेयानच्या गायींचं काय?

तांबडी गेली. मग मोरी गेली, मग ज्या जोडीवर सादेराच्या सासऱ्याची नजर ठरेल असं वाटत होतं ती जोडी. आणि रोज सकाळी, आपल्या गायींना पाणी दाखवायच्याही आधी, नेम्बुरिस कुंपणाशी जाऊन सवतीच्या गायींचे डोळे बघायची. आज नाही तर उद्या. तीही मैदानातूनच येत होती ना? मग देव काय एकीलाच बघतो? तिला त्यांतली एक तरी आंधळी झालेली बघायची होती. एक तरी! लंगडी असेल तर उत्तमच. लंगडी मान वळवून तिच्याकडे बघायची. तिचे डोळे काळेभोर, पाणीदार, त्यांत नेम्बुरिसचंच तोंड दिसायचं.

"पाशे, मी काही करू का?" सेयान रोज विचारायची. "शेक देऊ? मुळ्या उकळून आणू?"

"तू तुझ्या गायी सांभाळ," नेम्बुरिस म्हणायची. "लवकरच सांभाळाव्या लागतील."

निरोप गेला तसा परमुआत डोंगरावरून उतरला. उंच, वाळका माणूस, बोलणं मोजकं. नेम्बुरिसच्या दोन गायी तेवढ्या अजून उभ्या होत्या, त्याही एकाच जागी गोल गोल फिरत. त्याने त्यांच्या पापण्या अंगठ्याने उचलून बघितल्या आणि हात कपड्याला पुसला.

"मैदानात कुणी नेल्या?"

नेम्बुरिस याच प्रश्नाची वाट बघत होती. "मला काय विचारता? तुमच्या लाडकीला विचारा! रोज पहाटे कुठे जाते, विचारा तिला. मी या डोळ्यांनी बघितलंय. मैदानाच्या बाजूने यायची, गायींची पोटं अशी फुगलेली! तिनेच रोग आणला वाडग्यात. तिच्यामुळे माझ्या गेल्या!"

"मैदानात? मी?" सेयानचं तोंड उघडंच राहिलं.

परमुआत सेयानच्या गायींमध्ये शिरला. एकेकीचे डोळे बघितले, नाकं बघितली. मग खाली बसून हातातल्या काठीने पडलेला ताजा पो फोडला. दुसरा फोडला. शेणात बाभळीच्या बिया होत्या, चिंचोक्याहून बारीक, टणक, चकचकीत. प्रत्येकात त्याच.

"आखूड गवत खाणाऱ्या गायीच्या शेणात या बिया कुठून येतील?" तो म्हणाला. "ही शेंगा चारत होती. कोरड्या नदीतल्या बाभळींच्या. ती नदी मैदानाच्या अलीकडेच आहे, सादेराच्या आई. वाट तीच."

सेयान मान खाली घालून उभी होती. "काठीने झोडून पाडत होते," ती पुटपुटली. "पहाटे गेलं तर रात्रीत पडलेल्याही मिळतात. नाहीतर माकडं खातात."

"आणि मला सांगितलं नाहीस!" नेम्बुरिस किंचाळली. "एकाच वाडग्यात राहून? एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी झाडावर एक शेंग राहिली असती का, पाशे?" सेयानने मान वर केली. तिचेही डोळे भरले होते. "मला कालवड देतानासुद्धा तू लंगडी शोधून दिलीस. तुला मी झाड दाखवू?"

नेम्बुरिसने लंगडीकडे बघितलं.

"एकीने शेंगा लपवल्या, दुसरीने अक्कल," परमुआत म्हणाला आणि उठला. त्याच्या आवाजात रागही नव्हता, नुसता थकवा होता. "सेयानच्या गायी, इथल्या काय आणि डोंगरावरच्या काय, सेयानच्या पोरांच्या. त्यांना मी हात लावू शकत नाही, तुला ठाऊक आहे. पोरीच्या बापाला निरोप धाडतो. थांबा म्हणून सांगतो."

"थांबेल का तो?"

"गायी असलेला जावई मिळाला तर कशाला थांबेल?"

तो थांबला नाही. कुणीतरी दुसऱ्याने पोरगी नेली. सादेराचा आरुशाहून निरोप आला, आई, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तो निरोप ऐकून मात्र नेम्बुरिस दिवसभर घराबाहेर आली नाही.

उरलेल्या दोन्ही गायी तोवर गेल्या होत्या. संध्याकाळी धारा काढायच्या वेळी ती आतच बसून राहायची. सेयान दारात दुधाचा भोपळा ठेवून जायची. पहिल्या दिवशी नेम्बुरिसने तो तसाच परत तिच्या दारात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी प्यायली. दूध चांगलं होतं. चांगलं होतं याचाच राग आला.

एका पहाटे सेयानच्या गायींची खुरं दारावरून गेली आणि नेम्बुरिस अंथरुणात पडून ऐकत राहिली. मग तिला पडवेना. उठली, कोपऱ्यातली लांब काठी घेतली आणि मागोमाग निघाली. कशाला निघाली, हे तिला विचारलं असतं तर तिने शिवीच दिली असती.

नदीच्या वाळूत बाभळी ओळीने उभ्या होत्या. सेयान एका झाडाखाली शेंगा झोडत होती. नेम्बुरिसला बघून तिची काठी हवेतच थांबली. नेम्बुरिस तिच्याकडे न बघता पलीकडच्या, अधिक दाट झाडाखाली गेली आणि झोडायला लागली.

काय झोडलं बाईने! घाम डोळ्यांत उतरला, काटे दंडात रुतले, तरी हात थांबेना. शेंगा पटापटा वाळूत पडत होत्या. अधूनमधून ती हळूच सेयानच्या ढिगाकडे बघायची आणि पुन्हा काठी उचलायची. वयाने थोरली होती, तरी सेयानपेक्षा हात लांब होता तिचा. उजाडलं तेव्हा तिने पायाने शेंगा ओढून एकत्र केल्या आणि कमरेवर हात ठेवून बघितलं. सवतीच्या ढिगापेक्षा तिचा ढीग मोठा होता. चांगला दीडपट होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं की तो खायला तिच्याकडे कुणी नाही.

सेयानच्या लक्षात ते आधीच आलं असावं. तिने पाठ वळवली आणि उगाचच आपल्या शेंगा सारख्या करत बसली.

गायींना मात्र कुणाचं काय! त्या वास काढत मोठ्या ढिगाकडे आल्या. पहिल्या गायीने तोंड घातलं तशी नेम्बुरिसची काठी सपकन वर गेली. गायीने डोळे मिटून घेतले, पण तोंड काढलं नाही.

काठी थोडा वेळ वरच राहिली. मग हळूहळू खाली आली आणि वाळूला टेकली.

"खा," नेम्बुरिस म्हणाली. "खा, मेल्यांनो."