मेलेल्या बाईचा कबुलीजबाब

बांधावरच्या भांडणात वैजनाथनं मागून कुदळ घातली आणि शेजारच्या वाल्मिकचं डोकं फुटलं. घाव कुणाचा, ते वाल्मिकला दिसलं नाही. मग काय, घरात खल झाला. बाईमाणसाला जामीन लगेच मिळतो, हे कर्जतकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून वैजनाथच्या भावानं, बिभीषणनं, ठरवून टाकलं, घाव जयावैनीनं घातला म्हणायचं, आठ दिवसांत घरी. वैजनाथच्या बायकोनं, जयानं, मान डोलावली. पोरगी मोनिका लग्नाची होती. बाप आत गेला तर तिला कोण उजवणार?

जामीन मिळाला की! पण जामीनदार लागतो आणि जामीनदाराला सातबारा. ज्या रानात तिनं वीस वर्षं खुरपं चालवलं, त्याच्या उताऱ्यावर तिचं नाव नव्हतं. ज्यांची होती, त्यांचा आधी कांदा काढायचा होता, मग ऊस कारखान्याला घालवायचा होता, मग पाहुणे यायचे होते. हुकूम कागदावर राहिला आणि जया जेलात. भेटीला काळं कुत्रंही फिरकलं नाही.

वर्षभरानं नगरच्या कोर्टात तारीख लागली, तेव्हा कुठं नवरोबा उगवले. व्हरांड्यात खाली मान घालून सांगू लागले, गुन्हा कबूल करून टाक, भोगलंय तेवढ्यात भागेल. जयानं मोनिकाचं विचारलं.

"झालं तिचं लगीन. राहात्याला दिली." वैजनाथ घुटमळला. "आई जेलात हाय म्हणलं की सोयरीक मोडती. तू वारली म्हणून सांगितलंय."

जयाच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या लेकीसाठी ती आत बसली, तिच्याच मांडवात हिला मारून टाकलं होतं.

आत न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"सायब, मी मेलेली बाई हाय, ह्यांनीच गावभर सांगितलंय. मेलेलीनं काय कबूल करायचं? कुदळ ह्या मानसाच्या हातात हुती. माज्या हातात मागनं दिली."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. वैजनाथला अजून कुणी बोटही लावलं नव्हतं. तो फोन कानाला लावून बाहेर पळाला.

दुपारी जयाला परत गाडीत चढवत होते, तेव्हा बिभीषण धापा टाकत आवारात शिरला आणि वकिलाला म्हणाला, "भावाला लागला तर असावा म्हणून सातबारा घिऊनच आलोय."