कॉर्लीचा खरा माथा

माझ्या बहिणीचा, हेझेलचा, नवरा क्लिफर्ड आमच्या भागातल्या एकूण एक टेकडीला हात लावून आला होता. नुसतं वर जाऊन भागत नसे. सगळ्यांत उंच जागेला हात लागला तरच ती टेकडी 'झाली'. शेवटची राहिली होती कॉर्ली. तीही केली, वरचा खांब थोपटला, घरी येऊन केक खाल्ला आणि थंडी सरायच्या आत गेला.

तेव्हापासून त्याचे बूट रोज सकाळी ओले असायचे.

मी आधी हेझेललाच वेड्यात काढलं. छप्पर गळत असेल म्हटलं. मग तिच्याकडे राहायला गेले, बूट वाळवून कपाटात कोंडले आणि किल्ली उशाखाली घेतली. सकाळी उघडून बघते तर तळव्यांना ताजा चिखल, नाडीत नेच्याचं हिरवं पान.

"त्याचं काहीतरी राहिलंय गं," हेझेल म्हणाली. "त्याला मोकळं करायला हवं."

म्हणून रविवारी दुपारी दोघी कॉर्लीवर गेलो. टेकडी कसली, मेंढ्यांचं कुरण ते! वर धुकं होतं. मोजणीवाल्यांच्या सिमेंटच्या खांबाला हात लावून हेझेल डोळे मिटून उभी राहिली. काहीच घडलं नाही.

मेंढ्या बघायला आलेला म्हातारा प्रॉबर्ट आमच्याकडे बघत होता. कुरण त्याचंच.

"तुमचे साहेबही इथंच थोपटून गेले," तो म्हणाला. "मला हसू आवरेना."

"हसण्यासारखं काय होतं त्यात?" मी फटकारलं.

"अहो बाई, हा माथाच नाही! लांबून दिसावा म्हणून खांब इथं रोवलाय. खरा माथा त्या भिंतीपलीकडे, नेच्यातला तो उंचवटा. हातभर वर असेल."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"माणूस एवढा खुशीत होता. कशाला विरजण घालायचं?"

आम्ही भिंत ओलांडली. पलीकडे मेंढ्या जात नव्हत्या, तरी नेच्यात वाट तुडवलेली होती, एका माणसापुरती. उंचवट्याभोवती ती फिरून फिरून गेली होती, वर मात्र कुठेच चढत नव्हती. वारा पडलेला असताना जवळचा नेचा हलला.

"चढ," मी म्हटलं. "त्याच्या वतीनं हात लाव. सुटेल बिचारा."

हेझेल हलेना.

"बरं, मी लावते."

मी पाऊल उचललं तशी तिनं माझी बाही अशी खेचली की शिवण उसवली.

"नको ना! मग तो सकाळी यायचा नाही."

"हेझेल, दमला असेल गं तो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि मला ओढत खाली निघाली.

मागे नेच्यात पावलं वाजत होती, गोल गोल. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.